सही करण्याआधी

४ जून १९१३ रोजी बडोद्यात बावीस वर्षांच्या एका तरुणाने एका करारावर सही केली. तो नुकताच मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला होता. कॉलेजात असताना त्याला महाराज सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपये मिळत, आणि त्यासाठी शब्द टाकला होता कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. नव्या करारानुसार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड मिळणार होते. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची होती. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

पुढचं दादर-परळला सांगायला नको. मुदत संपली म्हणून, कोलंबियानंतर सुरू केलेलं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले, कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही हुसकावून लावल्यावर नोकरी सुटली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले, तेव्हा कुठे १९२० साली लंडन पुन्हा गाठता आलं. मला या हकिगतीत एक गोष्ट सतत टोचते. दहा वर्षं नोकरी करीन, हे त्या तरुणाने लिहून दिलं होतं. त्याला राहायला घर देऊ, माणसासारखं वागवू, हे त्या कागदावर कुणीच लिहून दिलं नव्हतं.

हिंदू कॉलनीत बाबासाहेबांच्या घरावरून, राजगृहावरून, रोज शेकडो मुलं रुईया, पोद्दार, व्हीजेटीआयला जातात. त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी यंदाही प्रश्न तोच असेल: फी भरायची कशी? दर पावसाळ्यात मी आमच्या आळीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. त्या अनुभवातून पहिली गोष्ट सांगतो. ‘सरकारकडून पैसे मिळतात’ एवढं कळून भागत नाही. कुठले पैसे कायमचे तुमचे, कुठले फक्त तुमच्याकडून घेतले जाणार नाहीत, कुठले व्याजासकट फेडायचे आणि कुठले सेवा करून फेडायचे, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

परत न करण्याच्या पैशांपासून सुरुवात करू. मजूरमंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशांची मागणी लावून धरली. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. तिच्यात नोकरीची अट नाही आणि परतफेडही नाही. स्वतः दहा वर्षांचा करार करून शिकलेल्या माणसाच्या पाठपुराव्यानंतर आलेली ही योजना आजही लाखो मुलांचा आधार आहे. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर भत्ता नाही, पण शुल्काची ‘फ्रीशिप’ आहे. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेलं म्हणून आपला संबंध संपला, असं समजून अर्जच न करणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

इतरांसाठी जुन्या पिढीला आठवते ती ‘ईबीसी’. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली आणि गिरणगावातल्या चाळींतून कॉलेजात जाणाऱ्यांची पहिली मोठी पिढी निघाली. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या मित्रांपैकी कुणीतरी त्या सवलतीवर शिकलेला असेलच. तिचीच आजची पुढची पिढी म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप राउंड’मधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही शिष्यवृत्ती गेली. घरातल्या दोनच अपत्यांना ती मिळते. ओबीसी मुलांनाही त्यांच्या विभागाच्या योजनेत निम्मं शुल्क मिळतं. विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण.

मुलींच्या पालकांनी इथे थांबून नीट वाचावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण माफ झालं. अट तीच आहे: घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतली एक मुलगी गुणवत्तेवर चांगल्या अनुदानित कॉलेजात लागत असताना ‘कॅम्पस छान आहे’ म्हणून एका खासगी विद्यापीठात गेली. घरच्यांना माफीचं कळलं तेव्हा पहिला हप्ता भरून झाला होता. कॉलेज निवडताना यादी करा आणि प्रत्येक नावापुढे ‘माफी लागू / नाही’ असं लिहा. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्यावर चार वर्षांचे काही लाख अवलंबून असतात.

राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. दादरमध्येच घर असेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही, पण गावाहून इथे शिकायला आलेला चुलतभाऊ, भाचा तुमच्याकडे उतरला असेल तर त्याला सांगा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत जेवणासाठी ३२ हजार, राहण्यासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार, असे वर्षाला ६० हजार मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, दोन्ही त्याच धर्तीवर. मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. गावाकडे गुंठाभर जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असलेली किती मुलं या भत्त्याला पात्र असतात आणि अर्जच करत नाहीत!

आता कागदपत्रं. बहुतेक अर्ज अडकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दादर, परळ, लालबाग, माटुंगा, माहीम, शीव हे सगळं मुंबई शहर जिल्ह्यात येतं. वांद्रे, कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर जिल्हा. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकातघरात आहे. हे सांगायचं कारण असं, की चाळीचा पुनर्विकास सुरू झाला म्हणून तात्पुरती विरारला नाहीतर डोंबिवलीला गेलेली कितीतरी घरं आहेत. रेशनकार्ड दादरचं, आधारवर नवा पत्ता, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि जुन्या खोलीची भाडेपावती आजोबांच्या नावावर! अशा घरात उत्पन्नाचा दाखला काढायला निघालं की पत्त्यावरूनच फाईल परत येते. सगळ्या कागदांवर एकच पत्ता यावा यासाठी बारावीची परीक्षा संपली की लगेच कामाला लागा, निकालाची वाट पाहू नका. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज केला की पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. हा दाखला ठराविक दिवसांत देणं २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिकाऱ्यांना बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर अपील करता येतं.

उत्पन्न म्हणजे आई आणि वडील, दोघांचं. वडील निवृत्त असतील तर त्यांचं निवृत्तिवेतनही त्यात धरायचं. दाखला एका वर्षाच्या उत्पन्नाचा आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा असा वेगवेगळा मिळतो. शिष्यवृत्तीला साधारणपणे आदल्या आर्थिक वर्षाचा लागतो, नॉन-क्रीमिलेअर काढायला तीन वर्षांचा. नॉन-क्रीमिलेअर आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला नको, असं नाही. दोन्ही कागद वेगळे आणि दोन्ही लागतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कार्यालयाबाहेरच्या टेबलांवर रोज गरिबांचे पैसे जातात. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर लिहिलेलं प्रतिज्ञापत्र चालतं. पाचशे रुपयांचा स्टँप पेपर आणा असं कुणी सांगितलं तर कुठल्या नियमाने, ते विचारा.

जातीच्या दाखल्याचं मूळ बहुतेकदा मुंबईत सापडत नाही. आपली घरं कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आली. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. तो असतो गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये, आजोबा-पणजोबांच्या दाखल्यावर. गणपतीला गावी जाल तेव्हा शाळा बंद असेल, म्हणून एक दिवस आधी निघा आणि मुख्याध्यापकांना भेटून उतारा घ्या. मुलगा अकरावीत असतानाच हे करा. त्यानंतर वैधता, म्हणजे जात पडताळणी, कॉलेजच्या पत्रासह बारावी संपायच्या आत दाखल झालेली हवी. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश वैधतेशिवाय टिकत नाही, आणि प्रवेशच गेला तर शिष्यवृत्तीचा विषयच उरत नाही.

नावाचं एक वेगळंच दुखणं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव स्वतंत्र. आधारवर मुलाचं नाव आधी. एवढा फरक चालून जातो. पण एका जागी ‘सुनील’ आणि दुसऱ्या जागी ‘सुनिल’, एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, असं असेल तर संगणक दोन वेगळी माणसं समजतो. दुरुस्ती आधारवर करा. गुणपत्रिकेला हात लावायला वेळ लागतो.

या सगळ्यानंतर ‘महाडीबीटी’ या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज. नोंदणी करताना मोबाइल विद्यार्थ्याचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. ओटीपी पुढची चार वर्षं त्याच नंबरवर येत राहणार आहे. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. शिक्षणात मध्ये खंड पडला असेल तर तो लपवू नका, प्रतिज्ञापत्र जोडा.

बँक खात्याबद्दल माझीच एक चूक सांगतो. एका मुलीचा अर्ज मी अगदी बिनचूक भरला, मंजूरही झाला, आणि पैसे येईनात. कॉलेज म्हणे पैसे गेले, बँक म्हणे आले नाहीत. तीन महिने चकरा मारल्यावर उलगडा झाला. शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खातेक्रमांकावर जातात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. त्या मुलीने मध्येच मोबाइलवरून दुसऱ्या एका बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडलं होतं, आणि उघडताना आधार जोडायला ‘हो’ म्हटलं होतं. पैसे तिथे येऊन पडले होते. तिला आठवतही नव्हतं. तेव्हापासून मी अर्ज भरायला बसण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघतो. तिथे दिसेल तीच बँक खरी. शिष्यवृत्ती संपेपर्यंत नवं खातं उघडू नका, उघडलंच तर आधार जोडू नका.

आणि खात्यात पैसे आले की ते सगळे खर्चायचे, असंही नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात कॉलेजच्या शुल्काचा भागही असतो. तो लगेच कॉलेजला भरून पावती घ्यावी लागते. मोबाइल घेतला आणि मग कॉलेजने निकाल अडवला, अशी वेळ मुलांवर येते. दोष त्यांचा म्हणवत नाही, कारण घरात एवढी रक्कम एकदम पहिल्यांदाच आलेली असते. पण पालकांनी आधीच सांगून ठेवावं.

दुसऱ्या वर्षी ‘रिन्युअल’ विसरू नका. पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणजे कायमचं झालं, या समजुतीत मुलं राहतात. वर्गातली हजेरी ७५ टक्के ठेवा आणि वर्ष वाया जाऊ देऊ नका. अर्जावर ‘सेंड बॅक’ दिसलं तर घाबरू नका, तो नकार नसतो. काय कमी आहे ते वाचून मुदतीत पुन्हा पाठवायचा. मात्र ते दिसावं म्हणून दर आठवड्याला लॉगिन करायला हवं. मोबाइलवर निरोप येईलच, या भरवशावर राहू नका.

एवढं करूनही पैसा पुरत नसेल तर कर्ज. शैक्षणिक कर्जाला मी घाबरवत नाही. ज्या घरात गहाण ठेवायला पागडीच्या खोलीशिवाय काही नाही, त्या घरातल्या मुलाला साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय, सरकारी पतहमीवर मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याज सवलत मिळते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तंत्र आणि व्यावसायिक शिक्षणासाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकारकडून मिळण्याची योजना आहे. ओबीसी विद्यार्थ्यांना राज्याच्या महामंडळाकडून बँकेच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो, देशात शिकायला १० लाखांपर्यंतच्या आणि परदेशी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर. बँकेतल्या साहेबांना नुसतं ‘कर्ज हवंय’ म्हणू नका. यातल्या कुठल्या योजनेतलं हवंय, तिचं नाव घेऊन सांगा आणि तेच नाव अर्जावर लिहून घ्या. व्याज सवलतीची नोंद कधी आणि कशी करायची, तेही तेव्हाच पक्कं करा.

हप्ता कधी सुरू होतो, हेही विचारून घ्या. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सूट असते, पण त्या काळातही व्याज चढत असतं. घरात कुणी कमावतं असेल आणि महिन्याचं नुसतं व्याज भरता आलं, तर शेवटी डोक्यावर बसणारी रक्कम बरीच हलकी होते.

राहिली सेवेची अट, म्हणजे १९१३ च्या त्या करारातलं कलम. आज ते सगळ्यात ठळकपणे दिसतं वैद्यकीय शिक्षणात. परळच्या केईएमसारख्या पालिकेच्या किंवा सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला की वर्षाची फी खासगी कॉलेजच्या तुलनेत अगदी थोडी. कारण खर्च सरकार उचलतं, आणि त्याबद्दल शिक्षण झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करीन असं बंधपत्र तुम्ही लिहून देता. ही सेवा फुकट नसते, पगार मिळतो. ती केली नाही तर पदव्युत्तरसाठी ५० लाख आणि अतिविशेष अभ्यासक्रमासाठी २ कोटी रुपये भरावे लागतात; एमबीबीएसला १० लाख भरून सुटण्याची सोय पूर्वी होती, तिच्यावर आता विसंबू नका. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिक्षण शुल्क नाही, पण पुढे लष्करात सेवा आहे.

मी या अटीच्या बाजूचा आहे. लोकांच्या पैशाने डॉक्टर झालेल्या मुलीने वर्षभर ग्रामीण रुग्णालयात बसावं, हे मला योग्य वाटतं. पण अठराव्या वर्षी सही करताना तिला आणि तिच्या आई-वडिलांना काय ठाऊक असायला हवं, याचीही मला तितकीच काळजी वाटते. सेवा कधी सुरू होणार, पदव्युत्तर प्रवेशाच्या आधी की नंतर? नेमणूक कोण देणार आणि नेमणूकच मिळाली नाही तर काय? आजारपण, बाळंतपण, बदली यांचं काय? राहण्याची सोय आहे का? हे प्रश्न प्रवेशाच्या दिवशी रांगेत उभं राहून विचारायचे नसतात. बंधपत्राचा मसुदा माहितीपुस्तिकेत असतो. तो घरी वाचा, न कळलेली ओळ अधोरेखित करा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. त्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेल्या एखाद्या मुलीशी बोला. हमीदार म्हणून मामाची सही घेणार असाल, तर रक्कम किती आहे ते मामाला आधी सांगा.

मूळ गुणपत्रिका, दाखले कॉलेजात जमा होतात. जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा. सही केलेल्या बंधपत्राची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या आणि एका वेगळ्या फाईलमध्ये लावा. पुढे त्याच फाईलमध्ये नेमणुकीचं पत्र, रुजू झाल्याचा अहवाल, पगाराच्या पावत्या आणि सेवा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तारखेनुसार लावत जा. ते प्रमाणपत्र हातात पडून मूळ कागद परत मिळेपर्यंत ती फाईल माळ्यावर टाकू नका.